सोळा आणे लाल

तर झालं असं. २०११ चा मे महिना. नणंदेच्या मुलीचं लग्न तोंडावर आलेलं आणि मी नि माझ्या मोठ्या जाऊबाई लक्ष्मी रोडवरच्या एका मॅचिंग सेंटरात ब्लाऊजपीस शोधत उभ्या होतो. परदेशातल्या भाचरांसाठी खुलासा: मॅचिंग सेंटर म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत नुसते कापडाचे ताके रचलेलं दुकान. एकट्या लालाचेच तिथे किती प्रकार... डाळिंबी, राणी, मरून, विटकरी, गाजरी, शेंदरी. आपण साडीचा पदर काउंटरवर पसरायचा, दुकानदार चार ताके समोर टाकतो, मग आपण "जरा उजेडात बघते हं" म्हणत साडी आणि कापड घेऊन फुटपाथवर यायचं. ट्यूबलाइटखालचा रंग खरा नसतो, हे पुण्यातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

तशी मी फुटपाथवर आले आणि शेजारून एक रिक्षा धूळ उडवत गेली. उजव्या डोळ्यात कचरा गेला. ओढणीचं टोक त्या डोळ्यावर दाबून धरलं आणि डाव्या डोळ्याने हातातल्या साडीकडे पाहिलं, तर साडी बदललेली! चांगली डाळिंबी साडी, ती धुऊन धुऊन विटल्यासारखी दिसत होती. जुन्या कौलाच्या रंगाची. उजवा डोळा उघडला, डाळिंबी. झाकला, कौल. पुन्हा उघडला, डाळिंबी.

"वहिनी, जरा एक डोळा झाकून बघा ना हिच्याकडे."

जाऊबाईंनी आळीपाळीने दोन्ही डोळे झाकून बघितलं. "अगं, डाळिंबीच आहे की. ऊन लागलंय तुला. चल, आधी उसाचा रस पिऊ."

रस प्यायलो. ब्लाऊजपीसही घेतला, अगदी बरोबर मॅचिंगचा. कारण दोन्ही डोळे उघडे असताना मला काहीही वेगळं दिसत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन-तीन दिवस डावा डोळा फिरवला की आत खोलवर दुखत होतं. कॉम्प्युटरमुळे असेल असं मी धरून चालले होते. आता मात्र भीती वाटली आणि घराजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. भिंतीवरचा तक्ता वाचला. उजवा डोळा ६/६, डावा ६/९. म्हणजे अगदीच किरकोळ फरक. रंगांचं सांगितल्यावर त्यांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे ठेवलं. दोन्ही डोळ्यांनी मी ते धडाधड वाचलं: १२, ८, २९... "तुमची कलर व्हिजन नॉर्मल आहे. ताण कमी करा. घरात लग्न आहे ना?" असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांच्याशी वादही घातला नाही. साडीचं पुन्हा बोलले असते तर मलाच मी नाटकी वाटले असते.

चार दिवसांनी तक्त्यावरच्या मधल्या ओळीसुद्धा डाव्या डोळ्याला दिसेनात. तेव्हा एका ओळखीतून एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. साठीचे गृहस्थ, मऊ बोलणारे. त्यांनी टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर असा तीन-चार वेळा फिरवला आणि बाहुल्यांकडे बघत राहिले. मग ड्रॉवरमधून एका औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढलं. साधं प्लास्टिकचं. माझा डावा डोळा झाकून ते समोर धरलं.

"हा लाल बघा. हा सोळा आणे लाल समजा. आता हा डोळा झाका आणि डाव्याने बघा. किती आणे?"

मी म्हटलं, "सहा. फार तर सात."

त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. सहा ते सात आणे. माझ्या सांगण्याचा कुणीतरी आकडा करून लिहून घेतला हे बघून मला तिथेच रडू आलं. (आणे चलनातून १९५७ सालीच गेले. मी ते कधी हाताळलेलेही नाहीत. पण प्रश्न कळायला एक क्षणही लागला नाही.)

निदान झालं ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा दाह. एम.आर.आय.मध्ये मेंदूतही दोन-तीन डाग सापडले आणि पुढच्या वर्षी दुसरा झटका आल्यावर त्याचं पूर्ण नाव कळलं: मल्टिपल स्क्लेरोसिस. थोडक्यात एम.एस. आता पुण्यात "आमच्याकडे एम.एस. आहे" म्हटलं की लोक विचारतात, "अरे वा, कुठली युनिव्हर्सिटी?" त्यामुळे बऱ्याच नातेवाइकांना मी सांगितलंच नव्हतं. ज्यांना हे इथे वाचून पहिल्यांदा कळतंय त्यांनी रागावू नका. मी बरी आहे. पण आजचा विषय माझा आजार नाही. विषय आहे ते पुस्तक आणि ते झाकण. एकाने मला नॉर्मल ठरवलं, दुसऱ्याने पकडलं. असं का व्हावं, या प्रश्नाच्या मागे लागून मी गेली काही वर्षं जे वाचत आले ते आज लिहून काढते.

आधी त्या पुस्तकाचं कूळ बघू. रंगदृष्टी तपासायची गरज जगाला भासली ती रेल्वेमुळे. १५ नोव्हेंबर १८७५ ला स्वीडनमध्ये लागेरलुंडा इथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन नऊ माणसं दगावली. फ्रिथिओफ होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्राच्या प्राध्यापकांनी म्हटलं, कुणाला तरी सिग्नलचा रंगच ओळखता आला नसणार. (अपघाताचं कारण खरंच तेच होतं का, यावर नंतरच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. पण तोवर कायदा झाला होता.) होल्मग्रेननी परीक्षा कशी घेतली? लोकरीच्या रंगीत लडींचा ढीग पुढ्यात टाकायचा, एक लड हातात द्यायची आणि सांगायचं, यासारख्या दिसतील त्या उचला. हे वाचलं आणि मला हसूच आलं. अहो, हे तर आमचं मॅचिंग सेंटर!

मग १९१७ मध्ये टोकियोचे डॉ. शिनोबू इशिहारा यांचे तक्ते आले. सैन्यभरतीसाठी चटकन घेता येईल अशी चाचणी त्यांना करायची होती. तेच हे ठिपक्यांचं पुस्तक. पूर्ण आवृत्तीत ३८ पानं असतात. पहिल्या पानावरचा १२ रंगांध माणसालाही दिसतो. तो का ठेवलाय? तर समोरच्याला परीक्षा समजली आहे ना, आणि तो मुद्दाम खोटं बोलत नाही ना, हे कळावं म्हणून. काही पानांवरचा आकडा फक्त साध्या डोळ्याला दिसतो, तर काही पानांवर रंगांधाला दिसतो आणि इतरांना दिसत नाही. आकडे न येणाऱ्यांसाठी नागमोडी रेघा आहेत, बोटाने गिरवायच्या. फार हुशारीने केलेलं काम आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे रेल्वेभरतीपासून सगळीकडे तेच वापरतात.

पण या दोन्ही चाचण्यांचा प्रश्न एकच होता: हा माणूस इतरांसारखा आहे की नाही? नसेल तर बाहेर. जन्मजात रंगांधळेपणा दोन्ही डोळ्यांत सारखाच असतो आणि आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे या प्रश्नाला दोन्ही डोळे उघडे ठेवून उत्तर दिलं तरी चालतं. माझ्यासारखीचा प्रश्न वेगळा. माझा एक डोळा दुसऱ्यासारखा राहिला नव्हता. आणि दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा दोघांच्या वतीने उत्तर देतो, जसा वर्गात हुशार मुलगा शेजारच्याची हजेरी लावतो. पुस्तकाचा दोष नव्हता. तेच पुस्तक एकेक डोळा झाकून वाचायला दिलं असतं तर मी पहिल्या चार-पाच पानांतच अडकले असते.

आता दुसरा धागा, आजाराचा. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा एक नातू होता, ऑगस्टस डेस्टे. जन्म १७९४. १८२२ च्या डिसेंबरात स्कॉटलंडमध्ये एका जवळच्या माणसाच्या अंत्यविधीनंतर त्याची दृष्टी अचानक इतकी मंद झाली की आलेली पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग ती आपोआप सुधारली. पुढे पुन्हा गेली, पुन्हा आली. मग एकाची दोन दिसायला लागली, मग पाय गेले. हे सगळं त्याने रोजनिशीत टिपून ठेवलं. ती रोजनिशी विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती लागली आणि त्यांनी ओळखलं, हा तर एम.एस.! त्याच्या हयातीत या आजाराला नावच नव्हतं. ते १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तं शार्को यांनी दिलं.

याच शार्कोंच्या दवाखान्यात रंगदृष्टीही तपासली जाई. आणि ती कुणाची? तर हिस्टेरियाचं निदान झालेल्या बायकांची. कुठला रंग आधी जातो, कुठला शेवटी, याच्या नोंदी ते करत. म्हणजे "मला रंग फिके दिसतात" असं बाईने म्हटल्यावर त्या काळी दोन दारं उघडी होती, एक नसेच्या आजाराचं आणि एक मनाच्या. एम.एस. पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. त्यातल्या कितीजणी दुसऱ्या दारातून आत ढकलल्या गेल्या असतील ते शार्कोच जाणे. मला "ताण कमी करा" म्हणून घरी पाठवलं गेलं, तेव्हा मीही त्याच दाराच्या उंबऱ्यावर होते म्हणायची.

डॉक्टरांचीही पंचाईत होती हे मान्य करायला हवं. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने ऑफ्थॅल्मोस्कोप केला आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ बघता येऊ लागला. पण एम.एस.मध्ये दाह बहुतेकदा बुबुळाच्या कितीतरी मागे, नसेच्या पोटात असतो. डोळ्याचा तळ ठणठणीत दिसतो. डॉक्टरी पेशात एक जुनी थट्टा आहे, की या आजारात रुग्णालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही काही दिसत नाही.

मग रंगच का जातात? डोळ्यातून मेंदूकडे साधारण बारा लाख तंतू जातात. त्यावर मायलिनचं वेष्टन असतं, वायरीवरच्या प्लास्टिकसारखं. एम.एस.मध्ये शरीराची स्वतःचीच संरक्षक यंत्रणा ते कुरतडते. नजरेच्या अगदी मध्यभागातून बारीक तपशील आणि रंग यांची खबर नेणारे तंतू सर्वांत बारीक असतात आणि त्यांनाच मोठा फटका बसतो. तक्त्यावरचं काळं अक्षर पांढऱ्यावर ठसठशीत असतं. निम्म्या तंतूंनी निरोप पोचवला तरी ते वाचता येतं. लाल आणि विटकरी यांतला फरक कळायला मात्र निरोप पुरता आणि वेळेवर पोचावा लागतो. म्हणून ६/९ वाचणाऱ्या बाईची साडी विटते.

१९१२ मध्ये जर्मनीच्या कोलनर यांनी एक आडाखा मांडला: आजार पडद्याचा असेल तर निळा-पिवळा बिघडतो, नसेचा असेल तर लाल-हिरवा. पाठ करायला सोपा नियम. पण तो किती पाळला जातो ते कळायला पुढचं अख्खं शतक उलटावं लागलं. १९४३ मध्ये डीन फार्न्सवर्थ यांनी रंगछटा लावायची चाचणी आणली. नाव 'शंभर छटा', प्रत्यक्षात टोप्या ८५. चार लांबट पेट्यांत विस्कटून ठेवलेल्या टोप्या रंग सरकत जाईल अशा क्रमाने लावायच्या. मी ती केली आहे. पोपटीकडून शेवाळीकडे, शेवाळीकडून मोरपिशीकडे... उजव्या डोळ्याने मजा आली. डाव्याने करताना एका जागी आठ-दहा टोप्या मला एकाच ताक्यातून कापल्यासारख्या वाटल्या. मी तशाच अंदाजाने लावल्या आणि घरी येईपर्यंत गप्प होते.

या चाचणीचं मोठं काम झालं ते अमेरिकेत १९८८ ते १९९१ मध्ये. ऑप्टिक न्यूरायटिस नुकताच झालेले ४५७ रुग्ण पंधरा केंद्रांत गोळा केले गेले. त्यांचं सरासरी वय ३२, आणि त्यांत तीन चतुर्थांशाहून जास्त बायका. बिघडलेला डोळा एकेकटा तपासला तेव्हा इशिहाराच्या पानांवर ८८ टक्के लोक चुकले आणि ८५ टोप्यांवर ९४ टक्के. म्हणजे जुनं पुस्तकही नीट वापरलं तर बहुतेकांना पकडतं! कोलनरचा नियम मात्र टिकला नाही. निळा-पिवळा आणि लाल-हिरवा दोन्ही बिघाड सापडले आणि एकाच माणसात सहा महिन्यांत प्रकार बदललेलाही दिसला. इशिहाराच्या पुस्तकात तर निळ्या-पिवळ्याची पानंच नाहीत.

त्यातली एक गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करून गेली. ज्या डोळ्याची तक्रार नव्हती, त्या 'चांगल्या' डोळ्यातही साधारण पाचातल्या एकाची रंगदृष्टी सदोष निघाली. म्हणजे ज्याला मी सोळा आणे म्हटलं, ते खरंच सोळा होते का? माझ्याकडे दुसरं माप कुठे आहे? लाल झाकणाची चाचणी तिथे तोकडी पडते, आणि ते डॉक्टरांनीच मला प्रामाणिकपणे सांगितलं. म्हणून तर ते टॉर्च, एम.आर.आय. सगळं करतात.

आणि हो, मला तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं आणि मग थोडे दिवस गोळ्या, ती पद्धत याच ४५७ जणांकडून आली. १९९२ मध्ये निकाल छापून आला. शिरेतून दिलेल्या औषधाने दृष्टी लवकर सुधारते, नुसत्या नेहमीच्या मात्रेच्या गोळ्यांनी मात्र दुखणं उलटण्याचं प्रमाण वाढतं. कोण कुठली माणसं, एक डोळा झाकून टोप्या लावत बसली, आणि वीस वर्षांनी त्याचा फायदा पुण्यातल्या एका बाईला झाला.

पुण्यात राहून या आजाराच्या इतिहासातली दोन प्रकरणं अंगावरच अनुभवता येतात. पहिलं उन्हाचं. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उठहोफ यांनी लिहून ठेवलं की श्रम झाले की या रुग्णांची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की खरं कारण श्रम नव्हे, अंग तापणं. वेष्टन झिजलेल्या तंतूला अर्धा अंशसुद्धा जड जातो. मग काही दशकं रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करायचीच रीत होती! आम्हाला टब लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोनला मंडईतून भाजी घेऊन निघालं की टोमॅटो फिके पडायला लागतात. घरी येऊन पंख्याखाली बसलं की पुन्हा लाल. आता भीती वाटत नाही, पण खरेदी सकाळीच करते.

दुसरं रहदारीचं. कार्ल पुल्फ्रिश हे जर्मनीतल्या येना इथे झाइस कंपनीत काम करायचे. १९२२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की एका डोळ्यासमोर काळसर काच धरली तर सरळ रेषेत झुलणारा लंबक लंबगोल फिरताना दिसतो, कारण त्या डोळ्याचा निरोप मेंदूला किंचित उशिरा मिळतो. घरी करून बघा. दोऱ्याला किल्ली बांधून कुणाला तरी झुलवायला सांगा आणि गॉगलची एकच काच डोळ्यावर धरा. गंमत (की दैव) अशी, की पुल्फ्रिश स्वतः एका डोळ्याने अधू होते. आपल्या नावाचा चमत्कार त्यांना कधीच दिसला नाही. आमच्यासारख्यांना तो काचेशिवाय दिसतो. टिळक रोडवर आडवी येणारी स्कूटर नेमकी किती लांब आहे याचा माझा अंदाज चुकू लागला, त्याचं कारण मला तीन वर्षांनी या माणसामुळे कळलं. तोवर मी स्वतःला वेंधळी म्हणत होते. (रस्ता ओलांडायला भिते म्हणून नवराही म्हणायचा. पुल्फ्रिशबद्दल वाचून दाखवल्यापासून न सांगता हात धरतो.)

हा निरोपाचा उशीर मोजता येतो हे १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे, मॅकडोनाल्ड आणि मशिन यांनी दाखवलं. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पडद्यावर उलटसुलट करायचे आणि डोक्याच्या मागच्या बाजूला तारा लावून मेंदूचा प्रतिसाद टिपायचा. पूर्वी येऊन गेलेल्या ऑप्टिक न्यूरायटिसचा पुरावासुद्धा यात सापडतो, नजर पूर्ण सुधारली असली तरी. रुग्णाला काही सांगावंच लागत नाही, यंत्रच साक्ष देतं. पण निदानाच्या नियमांत मात्र चमत्कारिक गोष्ट होती. याच मॅकडोनाल्ड यांच्या नावाने २००१ पासून जे निकष वापरतात, त्यात मेंदूच्या आणि मणक्याच्या ठरावीक चार जागा धरल्या जायच्या आणि डोळ्याची नस त्यांत नसायची. २०२४ च्या सुधारित निकषांत, जे २०२५ मध्ये छापून आले, ती पाचवी जागा म्हणून आली. डेस्टेच्या न वाचता आलेल्या पत्रांपासून मोजलं तर दोनशे वर्षं झाली!

आपल्याकडे तर हा गोऱ्या लोकांचा, थंड देशांतला आजार असंच बरीच वर्षं शिकवत. त्याला पहिला मोठा धक्का मुंबईहून बसला. डॉ. नोशिर वाडिया, जे.जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा करणारे, यांनी पारशी समाजात पाहणी करून १९९० मध्ये डॉ. भाटिया यांच्यासोबत निष्कर्ष छापले. पारशांमध्ये एम.एस.चं प्रमाण उरलेल्या भारतीयांच्या मानाने कितीतरी जास्त होतं. मग एम.आर.आय. आले, आणि इतरांतही सापडू लागला. तो पूर्वीपासून होता की वाढला, यावर तज्ज्ञांनी बोलावं. पण शोधल्याशिवाय सापडत नाही एवढं मलाही कळतं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिची पुण्यातही शाखा आहे. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत एम.एस.चं नाव आलं. नाव आलं की निदान लोक 'कुठली युनिव्हर्सिटी' विचारायचे थांबतील अशी आशा.

शेवटी पुण्यातलीच एक हकीकत, एम.एस.ची नव्हे, पण त्याच पुस्तकाच्या घराण्यातली. लॉ कॉलेज रोडवर प्रभातच्या जुन्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आहे. २०१५ मध्ये पाटण्याच्या एका तरुणाची तिथे संकलनाच्या अभ्यासक्रमाला निवड झाली. मग वैद्यकीय तपासणीत तो रंगांध निघाला आणि प्रवेश गेला. हायकोर्टात हरला. सुप्रीम कोर्टाने एक समिती नेमली. तिच्यात डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर चित्रपट क्षेत्रातली माणसंही होती. १२ एप्रिल २०२२ ला न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि एम. एम. सुंदरेश यांनी निकाल दिला, की रंगांध आहे म्हणून कुठल्याही अभ्यासक्रमाचं दार बंद करू नका. सिनेमा अनेक माणसं मिळून करतात, एकाला न दिसणारी छटा दुसरा बघतो.

बातमी वाचली तेव्हा मला ते लाल झाकण आठवलं. पुस्तक 'दिसतंय की नाही' एवढंच विचारतं, आणि त्या उत्तरावर कुणाचं सात वर्षांचं आयुष्य अडतं. झाकण विचारतं, 'तुला कसं दिसतंय?' आगगाडी चालवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायलाच हवा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दवाखान्यात आलेल्या माणसाला दुसरा विचारल्याशिवाय पहिल्याचं उत्तर लिहून टाकू नये. रंग हा एकच असा पुरावा आहे जो फक्त माझ्या डोळ्यांमागे असतो. तिथे डोकवायची सोय अजून कुठल्याच यंत्रात नाही. यंत्र उशीर मोजतं, साडी कशी दिसते ते मलाच सांगावं लागतं.

एक विनंती. हे वाचून कुणी घरात लाल झाकणं घेऊन निदान करत बसू नका. पण एका डोळ्याला रंग विटके दिसत असतील, डोळा फिरवताना दुखत असेल, तर "ऊन लागलंय" म्हणून रसावर भागवू नका. दोन दिवसांच्या आत डॉक्टर गाठा आणि म्हणा, एकेक डोळा झाकून तपासा. (जाऊबाई, तुमच्यावर राग नाही. रस छान होता.)

मी दर महिन्याच्या एक तारखेला देवघरातलं कुंकवाचं उघडं करंडं हातात घेते, खिडकीत उजेडात जाते आणि आळीपाळीने डोळे झाकते. आकडा कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवते. तपासणीला गेले की डॉक्टर आधी रिपोर्ट बघतात आणि मग ते कॅलेंडर मागतात.

या महिन्यात तेरा आणे. उन्हाळा आहे, पावसाळ्यात चौदा होतात.